बंदुकीचा दस्ता

श्रोते हो, इतिहासाच्या पुस्तकात बंदूक येते ती नेहमी धूर आणि आवाज करीत येते. आज मात्र तिच्या एका मुक्या भागाविषयी बोलायचे आहे. तो भाग म्हणजे तिचा लाकडी दस्ता. नळी लोखंडाची, ती कारखान्यातून किंवा लोहाराकडून आलेली. दस्ता मात्र लाकडाचा. तो मोडला, वाळवीने खाल्ला की गावचा सुतार दुसरा बसवून देई. त्यामुळे जुन्या बंदुकीचे सगळे भाग एकाच वयाचे असतील असे धरून चालू नये. हा धडा मला पुस्तकाने शिकवला नाही. तो कसा मिळाला ते आधी सांगतो.

मुखेड तालुक्यात माझे आजोळ. तिथल्या वाड्यात माळवदाखाली एक ठासणीची बंदूक टांगलेली असे. वीस वर्षांपूर्वी, नुकताच एम.ए. होऊन मी आजोळी गेलो आणि ती खाली उतरवून पाहिली. दस्त्यावर पितळेची पट्टी होती आणि मागच्या अंगाला एक गोल भोक, खुंटी मारून बुजवलेले. उदगीर तिथून जवळ. मी लगेच निकाल दिला, ‘ही उदगीरच्या लढाईतली बंदूक, आणि ही गोळीची खूण!’ घरातली मंडळी खूष झाली. ओसरीवर बसलेले म्हातारे सुतार मामा मात्र हसले. म्हणाले, ‘गोळी कशाची, भाचे? शिवळाचं भोक हाय ते. हा दस्ता मह्या बापानं केला, रझाकारीच्या साली. जुनं जू व्हतं बाभळीचं, त्याचा.’

म्हणजे मी ज्याला १७६० साल म्हणत होतो ते १९४८ निघाले!

आता माझी चूक कुठे झाली ते पाहू. उदगीरची लढाई खरीच. फेब्रुवारी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी उदगीर-औसा भागात निजामाच्या फौजेला कोंडीत धरले आणि तहात सुमारे साठ लाखांचा मुलूख मिळवला. त्या विजयात इब्राहिमखान गारद्याच्या तोफांचा आणि कवायती पायदळाचा मोठा वाटा होता. हा इब्राहिमखान फ्रेंच सेनानी बुसीच्या पद्धतीत तयार झालेला. त्याच्या गारद्यांजवळ गारेच्या, म्हणजे चकमकीच्या बंदुका होत्या. पण त्या काळी देशी शिपायांच्या हातात तोड्याच्या बंदुकाही भरपूर होत्या. तोडा म्हणजे पेटती दोरी. चाप ओढला की ती दोरी खाली येई, कानावरची दारू पेटे आणि बार उडे. या देशी बंदुकीचा दस्ता सरळ आणि सडपातळ असे, आणि नळी त्याला चामड्याच्या वादीने किंवा तारेने आवळलेली असे. विलायती बंदुकीचा दस्ता मागे रुंद आणि खाली वळलेला, खांद्यात नीट बसणारा. नुसता दस्ता पाहून बंदुकीचा वंश ओळखता येतो. पण अट एवढीच की तो मूळचा असला पाहिजे.

आणि मूळचा सहसा नसतो. कारण बंदूक ही टाकून देण्याची वस्तू नव्हे, नवी करून घेण्याची वस्तू होती. एकोणिसाव्या शतकात केपाची बंदूक आली, तेव्हा कित्येक चकमकीच्या बंदुकांना नवा घोडा आणि केप बसवायची बोंडी लावून त्या पुन्हा कामाला लावल्या. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी देशी पलटणींना आटे नसलेल्या साध्या नळीच्या बंदुका दिल्या, म्हणजे त्यांचा मारा गोऱ्या शिपायांच्या बंदुकीपेक्षा कमी पडावा. पुढे १८६६ पासून इंग्लंडात जुन्या एन्फील्डचा मागचा भाग कापून त्याला स्नायडरचे झाकण बसवू लागले, आणि तोंडातून ठासायची बंदूक मागून भरता येऊ लागली. नळी आणि लाकूड जुनेच. आपण जुन्या बैलगाडीला नवी धाव चढवतो, त्यातलाच हा प्रकार.

मग आली थ्री-नॉट-थ्री. १९०७ साली ठरलेला तिचा नमुना आपल्याकडे बंगालमधील इशापूरच्या कारखान्यात तयार होऊ लागला. ही खटक्याची रायफल. मूठ वर उचलून मागे ओढली की रिकामे काडतूस बाहेर पडते, पुढे ढकलून खाली दाबली की पेटीतले नवे आत जाते. पेटीत दहा काडतुसे. तिच्या दस्त्याचे दोन तुकडे असत. मागचा तुकडा एका लांब बोल्टने आतून आवळलेला. तो चार मापांत मिळे, कारण शिपाई काही एका मापाचे नसतात. हात आखूड असेल तर आखूड दस्ता बदलून घ्यायचा. पुढचा तुकडा मात्र अवघड. लाकूड पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. फुगलेले लाकूड नळीला भलत्या जागी दाबू लागले की नेम चुकतो; सैल बसले तर बाराच्या धक्क्याने चिरते. म्हणून बसवणारा कारागीर रंग लावून, लाकूड कुठे टेकते ते पाहून, केसाएवढे तासून काढी. आपल्या हवेत हा तुकडा चिरू नये म्हणून इशापूरच्या रायफलींना पेटीच्या पुढे एक आडवा स्क्रू घातलेला आढळतो. कुऱ्हाडीचा दांडा बसवणाऱ्या शेतकऱ्याला हे नव्याने सांगायला नको. मानेशी लाकडाचा रेषा आडवा गेला, की दांडा तिथेच मोडतो. बंदुकीचा दस्ताही तिथेच मोडतो.

याच रायफलींची नळी मोठी करून, पेटीत लाकडाचा ठोकळा बसवून, पोलिस आणि तुरुंगाच्या पहारेकऱ्यांसाठी ‘फोर-टेन’ मस्केट तयार केल्या गेल्या. एका वेळी एकच बार. एक लाकडी ठोकळा दहा गोळ्यांची रायफल एका गोळीवर आणतो! कोणाच्या हाती किती बळ द्यायचे, हे राज्यकर्ते असेही ठरवीत. १९६२ च्या चीन युद्धानंतर तोच नमुना नव्या ७.६२ काडतुसासाठी मजबूत पोलादात पुन्हा उतरवला गेला.

आता रझाकारीच्या सालाकडे येऊ. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, पण नांदेड, लातूर, उदगीर हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात राहिला. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचा लढा चालू होता. पैनगंगेपलीकडे उमरखेडसारख्या ठिकाणी सरहद्दीवर कार्यकर्त्यांची केंद्रे होती. निजामासाठी सिडनी कॉटन नावाचा वैमानिक कराचीहून विमानाने शस्त्रे आणून उतरवीत होता. तरीही रझाकारांपैकी चौथाईजवळच आधुनिक शस्त्रे होती, बाकीच्यांजवळ ठासणीच्या बंदुका आणि तलवारी, असा अंदाज सांगितला जातो. खेड्यातल्या साध्या माणसाजवळ तर तेही नव्हते. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज सोलापूरकडून नळदुर्गाच्या वाटेने आत आली आणि १७ तारखेला निजामाने शरणागती दिली. पण त्याआधीच्या रात्री गावांनी कशा काढल्या?

सुतार मामांनी सांगितले ते असे. ते तेव्हा बारा-तेरा वर्षांचे. शेजारच्या गावात लूट झाल्याची बातमी आली. माझ्या पणजोबांनी माळवदावरची जुनी नळी काढली. तिचे लाकूड वाळवीने खाल्ले होते. मामांच्या वडिलांनी घरचे जुने जू तासायला घेतले. जू का? तर ते वर्षानुवर्षे उन्हापावसात पक्के झालेले. ओले लाकूड चार दिवसांत वाकले असते. मामा कंदील धरून बसले. फुटक्या तांब्याचा पत्रा कापून पट्टी मारली. पहाटेपर्यंत दस्ता तयार झाला.

मी विचारले, ‘मामा, मग बार काढला की नाही?’

‘बार कशाचा?’ मामा म्हणाले. ‘कान बुजलेला व्हता तिचा. दारू तरी कुठं व्हती? वेशीवर खांद्याला लावून माणूस उभा राहिलेला लांबून दिसावा, एवढंच. आळीपाळीनं सारं गाव उभं राहिलं.’

श्रोते हो, उदगीरची बंदूक हातची गेली याचे मला तेव्हा वाईट वाटले होते. आज वाटत नाही. उदगीरची लढाई ग्रंथांत आहे. एका गावाने न उडणारी बंदूक खांद्याला लावून रात्री काढल्या, हे मात्र त्या बुजवलेल्या भोकाखेरीज कुठेही लिहिलेले नव्हते. आणि ते वाचता येणारा माणूस आमच्या गावात एकच उरला होता. पुढच्या चार वर्षांत तोही गेला.

म्हणून शिक्षकबंधूंना आणि भगिनींना दोन गोष्टी सांगतो. आपल्या गावात जुनी बंदूक असेल, तर ती भरून किंवा उडवून पाहण्याचा नाद मुळीच करू नका. गंजलेली नळी फुटते. शस्त्र कायदा १९५९ चा आहे. पीकरक्षणाच्या ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो, आणि दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यायची असते. बेवारस शस्त्र आढळले तर पोलिस ठाण्यात कळवा. ही झाली एक गोष्ट. दुसरी अशी, की ती वस्तू घासूनपुसून चकचकीत करण्याआधी तिचे लाकूड कोणते, खिळे कोणते, डागडुजी कुठे झाली, हे वहीत टिपून घ्या, आणि गावच्या जुन्या सुतार-लोहारांना विचारा. त्या साली दहा वर्षांचे असलेले मूल आज पंचाऐंशीच्या पुढे गेले आहे. मुलांना या आठवड्यातच त्यांच्याकडे पाठवा.

आजोळची ती बंदूक पुढे रीतसर जमा करण्यात आली. मी तिची नोंद माझ्या वहीत लिहून ठेवली आहे. नळी कोणाची, ते माहीत नाही. दस्ता जुवाचा, १९४८. खाली सुतार मामांच्या वडिलांचे नाव आहे.