‘क्रॅक’ : कोकेनचेच घातक रूप

‘क्रॅक’ हा स्वतंत्र अमली पदार्थ नसून कोकेनचेच ओढता येण्याजोगे रूप आहे. दक्षिण अमेरिकेतील पेरू, बोलिव्हिया व कोलंबियात होणाऱ्या कोका वनस्पतीच्या पानांपासून कोकेन काढले जाते. त्याची पांढरी भुकटी प्रामुख्याने नाकाने हुंगली जाते. या भुकटीवर प्रक्रिया करून बनविलेले खडे म्हणजे क्रॅक. तापविल्यावर ते तडतडतात, त्यावरून हे नाव पडले.

क्रॅकचा धूर फुप्फुसांत जाताच कोकेन काही सेकंदांत मेंदूत पोहोचते. ही तीव्र नशा पाच-दहा मिनिटांत ओसरते आणि त्यानंतरचे नैराश्य पुन्हा सेवनास भाग पाडते. व्यसन झपाट्याने जडते ते यामुळेच. रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो. धडधाकट तरुणासही, अगदी पहिल्याच सेवनात, हृदयविकाराचा झटका वा पक्षाघात होऊ शकतो. फुप्फुसांना इजा, संशयग्रस्तता व भास हेही दुष्परिणाम आहेत. सोबत मद्य घेतल्यास यकृतात ‘कोकाएथिलीन’ तयार होऊन हृदयाचा धोका आणखी वाढतो.

अमेरिकेत १९८० च्या दशकात क्रॅक फैलावले. तेथील १९८६ च्या कायद्याने ५ ग्रॅम क्रॅकच्या आणि ५०० ग्रॅम भुकटीच्या विक्रीस सारखीच, किमान पाच वर्षांची कैद ठरविली. शंभर पटींची ही तफावत २०१० मध्ये १८ पटींवर आणण्यात आली. द्रव्य मात्र दोन्हींत एकच आहे. त्यामुळे क्रॅक घातक आणि भुकटी निर्धोक, हा समज जिवावर बेतू शकतो.