शाळेची पडवी आणि १८ अक्षांश

हरिहरेश्वर म्हटलं की लोकांना देऊळ, प्रदक्षिणेचा रस्ता आणि लाटांनी पोखरलेले खडक आठवतात. मला आठवतो त्याचा अक्षांश: १८. (सवय, दुसरं काय!) इथे सूर्य वर्षातून दोनदा बरोब्बर डोक्यावर येतो, १२ मेच्या आसपास आणि जुलैअखेरीस. मधले अडीच महिने तो भर दुपारी चक्क उत्तरेकडे असतो. आणि २२ डिसेंबरच्या दुपारी दक्षिण क्षितिजापासून साधारण साडेअठ्ठेचाळीस अंश वर. या गावात शाळा कशी बांधावी, याचं निम्मं उत्तर एवढ्यातच आलं.

गणित करून बघा. शाळेची लांब बाजू दक्षिणेला, पुढे ८ फुटांची पडवी, छपराची कड जमिनीपासून ७ फुटांवर. डिसेंबरातल्या दुपारीसुद्धा ऊन वर्गाच्या भिंतीपासून पावणेदोन फूट अलीकडेच थांबतं. ना पडदे, ना वीज. कोकणातल्या गवंड्यांना यासाठी त्रिकोणमिती लागली नाही. जांभ्याच्या जाड भिंती आणि वर कौलं, झालं काम. मंगलोरी कौल तसं परकंच, १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला कारखाना काढला आणि ही कौलं जहाजांतून पश्चिम किनाऱ्यावर पसरली. पण इथल्या हवेला ती फार मानवली, कारण कौलांच्या फटींतून वरची गरम हवा निघून जाते.

मग स्लॅब आला. स्लॅब म्हणजे पक्कं, प्रगती वगैरे. दिवसभर तापायचं आणि मुलं घरी जायच्या सुमारास आत ओकायचं, हा त्याचा स्वभाव. शिवाय खाऱ्या हवेत आतली सळई गंजते ते वेगळंच. गंमत म्हणजे सरकारी कागदावर शहाणपण होतं. १९८६च्या शैक्षणिक धोरणानंतर आलेल्या खडू-फळा मोहिमेत शाळेसाठी किमान दोन मोठ्या, बारमाही वापरता येतील अशा खोल्या आणि खोल पडवी सांगितली होती. पडवी! धोरणात!! पण बजेट कमी पडलं की कात्री आधी तिलाच लागते, कारण ती 'वर्ग' म्हणून मोजली जात नाही.

३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ आलं. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड भागात शाळांची छपरं उडाली. अशा वेळी सगळ्यात लवकर आणि स्वस्तात काय बसतं? पत्रा. एप्रिलमध्ये तो भट्टी होतो आणि जुलैत त्याच्यावर असा पाऊस वाजतो की बाईंचा आवाज दुसऱ्या बाकापलीकडे जात नाही. रायगडात वर्षाला ३ हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे शाळेचा बराचसा काळ असाच.

बरं, कायदा? ऊर्जा संवर्धन कायदा २००१चा, इमारतींची संहिता २००७ची. २०१७च्या आवृत्तीत ती १०० किलोवॅट जोडभार किंवा १२० केव्हीए मागणीच्या इमारतींना लागू होती. गावातल्या शाळेत चार पंखे आणि आठ ट्यूब, सगळं मिळून पाऊण किलोवॅटही नाही. वीज वापरतच नाही, मग वाचवणार काय? त्यामुळे ज्या इमारतीत मुलं घामाने भिजतात ती कागदोपत्री सगळ्यात कार्यक्षम ठरते!

पुण्याजवळ लवळ्याच्या अवसरा अकादमीत केस डिझाइनच्या आर्किटेक्टांनी ट्रान्ससोलर ही जर्मन कंपनी सोबत घेतली आणि जमिनीखालच्या नळ्या व सौर धुराड्यांनी हवा खेळवली. जिल्हा परिषदेकडे कुठून येणार ट्रान्ससोलर? पण आमच्या धंद्यात जी युजर टेस्टिंग असते, ती तरी हवी. शाळा ताब्यात घेताना मोजमाप पुस्तिकेत सिमेंट, सळई, चौरस फूट सगळं असतं. शेवटच्या बाकावरून फळा दिसतो का, ऐकू येतं का, हा रकाना नाही.

खर्च म्हणाल तर एक थर्मामीटर. एप्रिलात दुपारी २ वाजता एकदा आणि जुलैच्या मुसळधार पावसात एकदा, शेवटच्या बाकावर बसून बघायचं. ठेकेदाराची अनामत तशीही काम संपल्यावर काही काळ अडकलेली असते. ती सोडायच्या अटींत या दोन ओळी घालता येतील.