छत्तीस बाय चोवीसची कुळकथा

मिररलेस कॅमेरा घ्यायचा ठरला की पहिला प्रश्न येतो, फुल फ्रेम की एपीएस-सी? फुल फ्रेम सेन्सर असतो 36 बाय 24 मिलिमीटर. हे माप डोळ्याच्या रचनेवरून किंवा प्रकाशशास्त्रातून आलेलं नाही. ते आलं सिनेमाच्या फिल्मवरून.

1890 च्या दशकाच्या सुरुवातीला एडिसनचा सहकारी डिक्सन याने ईस्टमनची 70 मिलिमीटर रुंद फिल्म मधोमध उभी चिरली आणि 35 मिलिमीटरच्या पट्टीच्या दोन्ही काठांना भोकं पाडली, एका चित्रामागे चार. चित्रासाठी उरली सुमारे 24 बाय 18 ची जागा. दादासाहेब फाळके 1912 मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेऱ्यासोबत भोकं पाडायचं यंत्रही घेऊन आले, ते याच पट्टीसाठी.

त्याच सुमारास जर्मनीत वेट्झलारच्या लाइट्झ कारखान्यात ऑस्कर बार्नॅक काम करत होता. त्याला दमा होता, जड प्लेट कॅमेरा घेऊन हिंडणं झेपत नव्हतं. त्याने सिनेमाचीच फिल्म कॅमेऱ्यात आडवी सरकवली आणि दोन चित्रांची जागा एकाच फोटोला दिली. अठरा दुणे छत्तीस! हा लाइका कॅमेरा 1925 मध्ये बाजारात आला, आणि पुढे जगभरच्या लेन्स याच मापाला धरून बनत गेल्या.

डिजिटल युगात हे माप महाग पडलं. सेन्सर मोठा असला की सिलिकॉनच्या एका चकतीतून कमी नग निघतात, सदोष नगांचं प्रमाणही वाढतं. म्हणून सुमारे 23.5 बाय 15.6 चा एपीएस-सी रुळला. 2008 चा पहिला मिररलेस, पॅनासॉनिक जी-1, तर 17.3 बाय 13 वरच आला. सोनीचा फुल फ्रेम ए-7 आला 2013 मध्ये.

फुल फ्रेमचं क्षेत्रफळ एपीएस-सीच्या सव्वादोन पटींहून जास्त. मंगल कार्यालयातल्या मंद उजेडात हा फरक फोटोत स्वच्छ दिसतो. भिगवणला रोहित पक्षी टिपताना मात्र एपीएस-सीवर 300 ची लेन्स 450 सारखी जवळ नेते, आणि खांद्यावरचं ओझंही हलकं राहतं. बार्नॅकची मूळ तक्रार ओझ्याचीच होती.

लग्नसमारंभांचं काम करणाऱ्यांनी फुल फ्रेम जरूर घ्यावा. बाकीच्यांनी एपीएस-सी बॉडी घ्यावी आणि वाचलेले पैसे चांगल्या लेन्सवर खर्चावेत.