मोमिनाबादचे दफेदार

बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई निजामी अमदानीत मोमिनाबाद या नावाने ओळखली जात असताना, तेथे हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी होती, ही गोष्ट योगेश्वरीच्या दर्शनास येणाऱ्या यात्रेकरूंपैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल. 1853 च्या तहाने या फौजेच्या खर्चासाठी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली झाला; फौज नावाची निजामाची, हुकूम मात्र इंग्रजांचा, असा तो चमत्कारिक कारभार होता.

या रिसाल्यांत शिलेदारी पद्धत असल्याने घोडा, खोगीर आणि पोशाख यांचा भार स्वारावर पडे व सरकार मुख्यतः बंदूक आणि दारूगोळा पुरवी. साहजिकच, ज्याचा गडद हिरवा अंगरखा त्याच्याच पगारातून शिवला गेला आहे, त्या अभिमानी स्वाराला पट्टा उजळ नाही म्हणून खडसावणे हे अधिकारापेक्षा अकलेचे काम होते, आणि ते नित्य दफेदाराला व त्याच्यावरच्या कोत दफेदाराला करावे लागे. रिसालदार, जमादार या वरच्या हुद्देदारांचा मान मोठा खरा. परंतु पागेत, पहाऱ्यावर आणि हजेरीच्या वेळी शिस्त टिकली ती या मधल्या माणसांमुळे, असे माझे स्पष्ट मत आहे. इतिहासकारांनी त्यांची उपेक्षाच केली.

1903 मध्ये ही फौज हिंदी सैन्यात विलीन झाली, पहिल्या महायुद्धानंतर शिलेदारीही संपली. या फौजेच्या रिसाल्यांचा वारसा सांगणारी डेक्कन हॉर्स रेजिमेंट आता रणगाडे चालवते. दफेदार हे पद तिच्यात अद्याप कायम आहे.