विषम नेत्रांची कहाणी

पंचेंद्रियांत नेत्रांना अग्रपूजेचा मान आहे. तथापि दोन्ही नेत्र समान बलाचे असतातच असे नाही, ही साधी गोष्ट वैद्यकाला फार उशिरा उमगली. तिरळेपणाला कोणी दैवगती म्हटले, कोणी भाग्याचे लक्षण. सातव्या शतकातील ग्रीक वैद्य पॉल ऑफ एजिना याने तिरळ्या बालकाच्या मुखावर मुखवटा बांधावा असे सांगितले. नजर सरळ केली की काम झाले, अशी ती समजूत.

१७४३ साली फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्युफाँ याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे निराळा विचार मांडला. दोन डोळ्यांची शक्ती विषम असते, म्हणून दुबळा डोळा बाजूला वळतो. तेव्हा चांगला डोळाच काही काळ झाका आणि दुबळ्याला कामाला लावा. हा माणूस वैद्य नव्हता, हे विशेष!

परंतु पुढे शस्त्राचे आकर्षण वाढले. १८३९ मध्ये बर्लिनच्या डिफेनबाख याने डोळ्याचा स्नायू कापून तिरळेपणा दूर केला आणि त्या शस्त्रक्रियेची युरोपभर लाट उसळली. डोळा सरळ दिसू लागला. पण गेलेली दृष्टी स्नायू कापून कशी परत यावी? १८६४ मध्ये उट्रेख्टच्या डाँडर्स याने चष्म्याच्या नंबराचा आणि तिरळेपणाचा संबंध आपल्या ग्रंथात सविस्तर दाखविला, तेव्हा विचार मूळ वाटेवर आला.

दोन निरनिराळ्या मापांच्या गजांनी एकच ताका मोजावा, तशी विषम नंबराच्या डोळ्यांची अवस्था होते. एक प्रतिमा स्पष्ट, दुसरी धूसर. मेंदू स्पष्ट प्रतिमा स्वीकारतो आणि धूसर दाबून टाकतो. असा उपेक्षित डोळा ‘आळशी’ बनतो. यात डोळा तिरळा झालाच तर आईवडिलांचे लक्ष तरी जाते. तो सरळच राहिला, तर मूल एका डोळ्यावर सुखाने खेळते, वाचते, तक्रार करीत नाही आणि घरात कोणाला पत्ता लागत नाही. ही खरी भीती.

दोष डोळ्यापेक्षा मेंदूत, हे ह्यूबेल आणि वीझेल यांनी १९६३ मध्ये मांजराच्या पिलांवर दाखविले. कोवळ्या वयात एक डोळा काही काळ मिटलेला ठेवला, तर मेंदूतील दृष्टिपेशी त्या डोळ्याला प्रतिसाद देईनाशा होतात. प्रौढ मांजरात तसे घडत नाही. १९८१ मध्ये उभयतांना नोबेल पारितोषिक मिळाले.

ब्युफाँची पट्टी मात्र टिकली. २००३ मध्ये अमेरिकेत सात वर्षांखालील १८९ मुलांवर झालेल्या चाचणीत, मध्यम प्रमाणाच्या दोषात रोज दोन तासांची पट्टी सहा तासांइतकीच उपयोगी ठरली. २००६ च्या दुसऱ्या अभ्यासात विषम नंबराच्या सुमारे पाव मुलांचा आळशी डोळा केवळ योग्य चष्म्याने सुधारून दुसऱ्याच्या बरोबरीस आला. त्यांना पट्टी बांधावीच लागली नाही.