रोगी मोजावेत की धूळ? भारतातील सिलिकोसिसचा इतिहास

प्रास्ताविक

एखाद्या कामाच्या ठिकाणी कामगार आजारी पडू लागले की दोन गोष्टी मोजता येतात. एक, आजारी कामगार किती. दुसरी, ते ज्या हवेत श्वास घेतात तिच्यात घातक पदार्थ किती. पहिले काम वैद्यकाचे आणि दुसरे व्यावसायिक आरोग्यविज्ञानाचे. धोका ओळखणे, मोजणे आणि आटोक्यात आणणे या तीन पायऱ्यांनी हे शास्त्र चालते.

सिलिकोसिसच्या बाबतीत हा फरक जीवनमरणाचा आहे. दगड फोडताना वा कापताना उडणारी क्वार्ट्झची अतिसूक्ष्म धूळ फुप्फुसात खोलवर जाते आणि तेथे तंतुमय गाठी तयार होतात. हा रोग बरा होत नाही. धुळीचे काम सोडल्यावरही तो वाढत राहू शकतो, शिवाय क्षयरोगाचा धोका वाढतो. क्ष-किरण चित्रात गाठी दिसतात तेव्हा नुकसान होऊन गेलेले असते. म्हणून केवळ रोगी मोजणारी व्यवस्था नेहमीच उशिरा पोहोचते.

धूळ मोजण्याची साधने

इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी 1700 मध्ये कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला त्याचा व्यवसायही विचारावा, हा त्यांचा आग्रह होता. पण धूळ किती आहे हे सांगणारे साधन त्या काळी नव्हते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींसाठी रॉबर्ट कोत्झे यांनी कोनीमीटर हे उपकरण तयार केले. त्यात हवेचा झोत चिकट काचेवर आदळे आणि काचेला चिकटलेले कण सूक्ष्मदर्शकाखाली मोजत. 1930 मध्ये जोहान्सबर्ग येथे सिलिकोसिसवर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. त्याच शहरातील 1959 च्या परिषदेत फुप्फुसाच्या खोल भागापर्यंत पोहोचणाऱ्या ‘श्वसनीय’ धुळीची व्याख्या ठरली. पुढे कामगाराच्या अंगावर लावता येणारे छोटे नमुनासंग्राहक आले. त्यामुळे खोलीतल्या हवेऐवजी कामगाराच्या नाकातोंडाजवळची हवा मोजता येऊ लागली.

कोलार : रोग्यांची गणना

भारतात सिलिकोसिसची पहिली मोठी पाहणी म्हैसूर संस्थानातील कोलारच्या सोन्याच्या खाणींत झाली. कॅप्लन आणि बर्डन यांचा अहवाल 1947 मध्ये प्रसिद्ध झाला. 7653 कामगारांपैकी 43.7 टक्के कामगारांना हा रोग असल्याचे त्यात आढळले. हेच अँथनी कॅप्लन पुढे वेल्समध्ये गेले आणि कोळसा खाणकामगारांच्या फुप्फुसविकारांवरील कामामुळे ‘कॅप्लन सिंड्रोम’ या नावाने ओळखले जातात. या अहवालानंतर भारतात हा रोग अज्ञात होता असे म्हणण्यास जागा उरली नाही.

मंदसौर : तोच रोग पुन्हा

मध्य प्रदेशातील मंदसौर येथे शाळकरी मुलांच्या पाटीवरच्या पेन्सिली तयार होत. त्यासाठी दगड विजेवर चालणाऱ्या करवतींनी कापला जाई आणि त्यातून क्वार्ट्झयुक्त धूळ उडे. 1977 मध्ये या कामगारांच्या सिलिकोसिसविषयीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. 1982 मध्ये राज्याने या कामगारांसाठी कल्याण निधीचा कायदा केला. 1985 मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी 593 कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात 54.6 टक्के कामगारांना सिलिकोसिस होता, 17.7 टक्के कामगारांत तो गाठी एकत्र येऊन मोठे पुंजके होण्याच्या गंभीर अवस्थेपर्यंत गेला होता. कोलारनंतर सुमारे चार दशकांनी प्रमाण घटण्याऐवजी अधिकच भरले. या अभ्यासात कामगारांच्या तपासणीबरोबर कामाच्या जागेची पर्यावरणीय पाहणीही होती, हे विशेष लक्षात घ्यावे.

कायदा काय म्हणत होता?

1948 च्या कारखाना अधिनियमाच्या कलम 14 मध्ये धूळ जेथे निर्माण होते तिच्या शक्य तितक्या जवळच ती ओढून घेणारे साधन बसवावे, असे म्हटले होते. नियंत्रणाचे मुख्य तत्त्व हेच आहे. आधी कमी घातक पदार्थ वापरावा. ते शक्य नसेल तर पाणी मारून धूळ दाबावी, यंत्र बंदिस्त करावे, धूळ उगमापाशीच खेचावी. मुखपट्टीचा क्रम सर्वांत शेवटी येतो, कारण ती वापरली की सुरक्षिततेचा भार कामगारावर पडतो.

मात्र किती धूळ म्हणजे जास्त, हा आकडा या अधिनियमात नव्हता. भोपाळ दुर्घटनेनंतर 1987 च्या दुरुस्तीने अनुज्ञेय मर्यादांचे परिशिष्ट आले. श्वसनीय क्वार्ट्झ धुळीसाठी सूत्र असे : 10 भागिले (क्वार्ट्झची टक्केवारी + 2), एकक मिलिग्रॅम प्रति घनमीटर. धुळीत 8 टक्के क्वार्ट्झ असेल तर मर्यादा 1 मिलिग्रॅम होते. 48 टक्के असेल तर केवळ 0.2 मिलिग्रॅम. धूळ डोळ्यांना सारखीच दिसली तरी धोका पाचपट असू शकतो, म्हणूनच अंदाज पुरत नाही.

दुसरी मर्यादा व्याप्तीची होती. या अधिनियमानुसार विजेवर चालणाऱ्या ठिकाणी किमान 10 आणि विजेशिवाय किमान 20 कामगार असतील तरच सर्वसाधारणपणे कारखाना ठरे. दगड कापणारी अनेक लहान ठिकाणे त्यामुळे मोजमापाबाहेर राहू शकत.

समारोप

कोलार आणि मंदसौर या दोन्ही ठिकाणच्या टक्केवाऱ्या आज आपल्याला माहीत आहेत, कारण कोणीतरी रोगी मोजले. ते आवश्यकच होते. भरपाई आणि निधी त्यावरच उभे राहतात. पण त्या टक्केवारीतील एकाही कामगाराचे फुप्फुस त्यामुळे पूर्ववत झाले नाही. जी टक्केवारी नोंदवावी लागू नये, तिच्यासाठी करवतीजवळची हवा आधी मोजावी लागते.

स्वाध्याय

1. धुळीत 18 टक्के क्वार्ट्झ असल्यास श्वसनीय धुळीची मर्यादा काढा.
2. मुखपट्टी हा नियंत्रणाचा शेवटचा उपाय का मानला जातो, ते मंदसौरच्या उदाहरणाने स्पष्ट करा.