अमेरिकेंतील मराठी मुलाचें नांव

गोंदिया जिल्ह्यांतील नागझिऱ्याच्या अरण्याला तें नांव कोणीं मुद्दाम शोधून दिलेलें नाहीं. नागदेवाचें ठाणें आणि डोंगरांतून बारमाही पाझरणारें पाणी जेथें एकत्र आलें, तेथें लोकांच्या तोंडीं 'नागझिरा' हा शब्द आपसूक बसला. १९७० सालीं अभयारण्य झालें, २०१३ सालीं नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प झाला. सरकारनेंही तेंच नांव कायम केलें. ह्या बाजूच्या खेड्यांतून मुलांचीं नांवेंही पुष्कळदा अशींच पडत आलीं. मंगळवारीं जन्मला तो मंगरू, बुधवारचा बुधराम, शुक्रवारचा शुकरू आणि रविवारचा इतवारी. नांव निवडण्याची चिंता तेथें नव्हती. दिवस उगवे आणि नांव घेऊन येई.

ह्याच अरण्यांत जन्मलेल्या एका वाघाचें नांव मात्र असें पडलें नाहीं. तें निवडलें गेलें. १९७५ सालच्या 'शोले' ह्या बोलपटांतील एका नायकावरून त्याला 'जय' म्हणूं लागले. हा वाघ २०१३ सालीं नागझिरा सोडून उमरेड-पवनी-कऱ्हांडल्याच्या रानांत गेला, तेथें मोठा नांवाजला आणि एप्रिल २०१६ मध्यें दिसेनासा झाला. तेंच दोन अक्षरी नांव आज हजारों कोसांवर, अमेरिकेंतील मराठी घरांतही पाळण्यापाशीं उच्चारलें जातें. त्या निवडीमागचा विचार समजून घेण्यास थोडें मागें जावें लागतें.

परक्या वळणाचें नांव मराठी घराला नवें नाहीं. नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांत सातवाहन राजा मातेच्या नांवानें, 'गौतमीपुत्र' म्हणून, ओळखला जातो. पुढें निजामशाहींत मालोजीराजे भोसले यांनीं नगरच्या शाह शरीफ ह्या पीराच्या नांवावरून आपल्या दोन्ही पुत्रांचीं नांवें शहाजी व शरीफजी ठेवलीं, असें परंपरा सांगते. शहाजी हें नांव आज कोणाला परकें वाटतें? ज्या घरीं मुलें जगत नसत, तेथें दृष्ट लागूं नये म्हणून दगडू, धोंडू, भिकू अशीं नांवें ठेवीत. आजोबांचें नांव नातवाला देण्याची चाल तर घरोघरीं होती. तात्पर्य, नांवाच्या मुळाशीं कधीं श्रद्धा असे, कधीं भय, कधीं ऋण. शब्द कोणत्या भाषेंतला, हा प्रश्न मागाहून येई.

अमेरिकन माणसांशीं मराठी माणसाचा संबंधही जुना आहे. १८१३ सालीं अमेरिकन मिशनरी मुंबईस उतरले व त्यांतून अमेरिकन मराठी मिशन उभें राहिलें. १८९३ सालीं नागपूर-राजनांदगाव मार्गावरील आगगाडींत, म्हणजे गोंदियावरून जाणाऱ्या लोहमार्गावरच, कवि नारायण वामन टिळक यांची एका परदेशी मिशनऱ्याशीं गांठ पडली. १८९५ सालीं त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पुढें ह्याच मिशनमध्यें कार्य केलें. परंतु 'नारायण' हें नांव टाकलें नाहीं. पुत्राचें नांवही देवदत्तच राहिलें. धर्म बदलला तरी नांव बदललेंच पाहिजे असें नाहीं, हें त्या घरानें दाखवून दिलें.

१९६५ सालीं अमेरिकेनें परदेशीयांच्या प्रवेशाचे निर्बंध सैल केले आणि शिकलेलीं मराठी कुटुंबें तेथें स्थायिक होऊं लागलीं. त्या देशांत मुलग्यांच्या नांवांत १९५४ पासून १९९८ पर्यंत, १९६० हें एक वर्ष सोडल्यास, 'मायकेल' पहिल्या क्रमांकावर होता. त्यामागून जेकब आणि नोआ आले; २०१७ सालीं 'लियम' अग्रभागीं आला. शिवाय आडनांवेंच नांवें म्हणून ठेवण्याची चाल बळावली. 'मेसन' म्हणजे गवंडी, 'कार्टर' म्हणजे गाडीवान. मराठी आई मुलाला 'गवंडी' म्हणून हांक मारण्याची कल्पना करील तर हंसेल. पण तेथें त्या शब्दाचा अर्थ झिजून केवळ नाद उरला आहे.

मराठी आईबापांना अर्थ हवा, आणि तेथील शिक्षकाला उच्चारतां येईल असा नादही हवा. 'ज्ञानेश्वर', 'बाळकृष्ण' हीं नांवें त्या जिभेवर मोडतात. 'ळ' तर तेथें नाहींच. म्हणून नील, रोहन, जय अशीं नांवें पुढें आलीं. ह्यांत 'जय' विशेष सोयीचें. अमेरिकेचे पहिले सरन्यायाधीश जॉन जे यांचें आडनांव 'जे', आणि 'जे' हें तेथें पुरुषाचें नांवही आहे. एकच लेखन, शाळेंत त्याचा उच्चार 'जे' झाला तरी आजीच्या तोंडीं अर्थ विजयाचाच. मधलें नांव मात्र वडिलांचें. अमेरिकन रीतींत ती जागा मोकळी असते, कोणतेंही आवडतें नांव तेथें घालतां येतें. मराठी कुटुंबें पुष्कळदा तेथें बापाचें नांव लिहून आपली परंपरा त्या परक्या चौकटींत बसवितात.

खरी अडचण उच्चाराची नव्हे, दिवसांची आहे. बारसें बाराव्या दिवशीं. आत्या बाळाच्या कानांत 'कुर्रर्र' करून नांव सांगते, तेव्हां तें जगांत येतें. भारतांतील १९६९ च्या जन्म-मृत्यु नोंदणी कायद्यानें जन्माची नोंद आधीं करून नांव पुढें घालण्यास एक वर्षाची विनाशुल्क सवड ठेविली आहे. बारशाला त्यांत पुरेपूर जागा आहे. अमेरिकेंत बहुधा आई रुग्णालयांतून घरीं निघण्यापूर्वींच नांवाचा कागद भरून घेतात. आत्या गोंदियास असते आणि नांव तोंवर कागदावर चढलेलें असतें. मग बारसें होतें तें ठरलेल्या नांवाचें. आत्येनें नांव द्यावें, हा तिचा मान केवळ उपचारापुरता उरतो.

कित्येक घरीं ह्यावर साधा तोडगा निघतो. कागद भरण्यापूर्वीं आत्येला दूरध्वनि करून नांव तिच्याच तोंडून वदवून घेतात. बाळाच्या कानाशीं तिचा हात पोंचत नाहीं, पण आवाज पोंचतो. नागझिरा हें नांव कागदानें टिकविलें नाहीं. पाण्यावर येणाऱ्या माणसांनीं तें पिढ्यान् पिढ्या उच्चारलें, म्हणून टिकलें. परदेशांतील मुलाच्या नांवाचेंही तसेंच आहे. तें 'जय' असो वा 'नील', घरांत कोणी तें त्याच्या अर्थासह हांकारीत असेल, तोंवर तें मराठीच आहे.